मैदानांत आलेली शस्त्रविद्या

धरणगांवचें नांव निघतांच मराठी वाचकास प्रथम बालकवींची आठवण व्हावी हें स्वाभाविक आहे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे १८९० सालीं ह्याच गांवीं जन्मास आले. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास ह्या गांवाची ओळख आणखी एका कारणानें असावयास पाहिजे, आणि ती फारशी कोणास असत नाहीं. बालकवींच्या जन्मापूर्वीं पासष्ट वर्षें, म्हणजे १८२५ सालीं, ह्या गांवीं एक विलक्षण शाळा सुरू झाली. तिला भिंती नव्हत्या. शिकणारे भिल्ल होते, शिकविणारा बावीस वर्षांचा एक इंग्रज लेफ्टनंट होता, आणि विषय होता कवाईत. ‘खानदेश भिल्ल कोर’ ह्या नांवानें पुढें प्रसिद्धीस आलेली पलटण ती हीच.

हल्लीं शहरांतील बागांत व मैदानांत सकाळीं फिरावयास जाणारांस एक देखावा नित्य पाहावयास मिळतो. पांढऱ्या पोशाखांतील मुलें-मुली रांगा करून कराटेचे हात करीत असतात; पलीकडे लाठीकाठीचा वर्ग चाललेला असतो; एखादे वयस्क गृहस्थ चालतां चालतां क्षणभर थांबून तें पाहतात व पुढें जातात. ह्यांत नवल असें कोणासच वाटत नाहीं. परंतु मारण्याची व मार चुकविण्याची विद्या चारचौघांदेखत, उघड्या जागेंत, रोज घोकावी, ही कल्पना आपण समजतों तितकी जुनी नाहीं. ती रुळण्यापूर्वीं कांहीं लोकांस तिची जबर किंमत द्यावी लागली. ती कोणीं व कशी दिली हें पाहावयाचें असेल तर खानदेशांतील ह्या गांवाइतकें सोईचें ठिकाण आम्हांस दुसरें माहीत नाहीं.

आपली तालीम ही स्वभावतः आंतली जागा आहे. बुटका दरवाजा, थोडा उजेड, मध्यें लाल मातीचा हौद, कोनाड्यांत शेंदूर लावलेला मारुती, अशा ठिकाणीं मनुष्य अंग कमावीत असे. जोर, बैठका व कुस्ती ह्यांप्रमाणेंच पट्टा, फरीगदगा, बनेटी ह्यांचे हातही तेथेंच किंवा तालमीच्या मागच्या आवारांत घोटले जात. घोड्यावरून बोथाटी फिरविण्याला मोकळें रान लागे, हा अपवाद. पण तो स्वारांचा. पायउतार माणसाची विद्या बहुधा आडोशाची असे, आणि ह्याचें कारण उघड आहे. जो डाव सर्वांनीं पाहिला तो डाव अर्धा फुकट गेला. वस्ताद शेवटचा एक डाव शिष्यापासूनही राखून ठेवतो, असें आपल्याकडे म्हणतात तें ह्यामुळेंच. ताबुतांच्या मिरवणुकींत व दसऱ्यास पट्टा रस्त्यावर येई खरा. पण हात घोटणें निराळें आणि हात दाखविणें निराळें. मिरवणुकींत लोकांस दिसे ती तयार झालेली वस्तु. ती तयार कशी झाली हें तालमीच्या दाराआडच राही.

ही कांहीं आपलीच तऱ्हा नव्हे. आज आपल्या मैदानांत दिसणारें कराटे ज्या ओकिनावा बेटांतून निघालें तेथेंही तें दीर्घकाळ गुप्तपणें, पुष्कळदां रात्रीं, निवडक शिष्यांसच शिकविलें जात असे. विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं इतोसु अंको नांवाच्या गुरूनें तें शुरी येथील शाळेंतील मुलांना शिकविण्यास घेतलें. मुलांस झेपावें म्हणून त्यानें त्याचे सोपे, ठराविक क्रम बसविले, आणि रांगेनें उभ्या असलेल्या वर्गाला एका आज्ञेसरशीं ते करतां येऊं लागले. ह्यांत विद्येचें रूप पालटलें. दोघांच्या झोंबीतली गोष्ट शंभरांच्या तालाची झाली. उघड्या जागेंत विद्या आली कीं तिला रांग लागते आणि आज्ञा लागते. धरणगांवास जें झालें त्याचें मर्मही हेंच आहे. फरक इतकाच कीं तेथें रांग शिष्यांच्या हौसेनें लागली नव्हती.

भिल्लांच्या शस्त्रविद्येला तर मैदानाचें वावडेंच होतें. तीरकामठा हें त्यांचें शस्त्र, आणि सातपुडा, सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर ही त्यांची तालीम. पाऊल न वाजवितां चालणें, माग काढणें, झाडाच्या सावलींत सावली होऊन राहणें, ह्यांतच त्या विद्येचें सर्वस्व होतें. मूल धनुष्य पेलूं लागलें कीं शिकारीबरोबर शिक्षण सुरू होई. ह्या लोकांना केवळ लुटारू म्हणणें अन्यायाचें आहे. खेड्यापाड्यांची व घाटांची राखण हें त्यांचें परंपरेचें काम असे आणि त्याबद्दल त्यांचे हक्कही ठरलेले असत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं होळकरांच्या स्वाऱ्या, पेंढाऱ्यांचा धुमाकूळ आणि १८०३-०४ चा दुष्काळ ह्यांनीं खानदेश उजाड झाला. राखण करण्यासारखें गांवांत कांहीं उरलें नाहीं, हक्क बुडाले, आणि राखणदार वाटमारीकडे वळले.

पेशवाईनें ह्यावर जो उपाय योजिला तो सांगावयास लाज वाटते. त्याच सुमारास बाळाजी लक्ष्मण ह्या सुभेदारानें कोपरगांव येथें मोठ्या संख्येनें भिल्लांना भेटीस म्हणून बोलाविलें, दग्यानें पकडलें आणि विहिरींत लोटून ठार केलें. आमच्या शालेय इतिहासांत ह्या प्रसंगास जागा मिळत नाहीं, मिळावयास हवी. कारण तो ठाऊक असल्यावांचून धरणगांवची गोष्ट कळत नाहीं. ज्यांच्या बापांना व भावांना सरकारनें बोलावणें पाठवून उघड्यावर जमविलें आणि मारलें, त्या लोकांस वीस-एकवीस वर्षांनीं दुसऱ्या एका सरकारचें बोलावणें आलें, कीं या, मैदानांत उभे राहा.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे आल्यावर पहिलीं सहा-सात वर्षें त्यांनींही बळाचाच मार्ग धरिला. डोंगरांत फौजा गेल्या, नाईक पकडले गेले, कित्येकांस फांशीं दिलें. तापानें शिपाईही पुष्कळ मेले, आणि बंड जेथल्या तेथें राहिलें. मुंबईचे गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यांनीं १८२५ सालीं धोरण बदललें. भिल्लांच्या मुलखाचे तीन भाग करून प्रत्येकीं एक अधिकारी नेमला. दक्षिण भागांत कन्नडकडे कॅप्टन ओव्हन्स ह्यानें भिल्लांना जमिनी, बैल व बीं-बियाणें देऊन शेतीस लावण्याचा उद्योग आरंभिला. तें काम शांतपणें झालें, म्हणून त्याचा गाजावाजा कमी. ईशान्य भाग लेफ्टनंट जेम्स आउट्रम ह्याच्याकडे आला आणि भिल्लांचीच एक पलटण उभारण्याची कामगिरी त्याला मिळाली. तिचें ठाणें धरणगांव ठरलें. ठिकाण कांहीं अनोळखी नव्हतें. कापडाच्या व्यापारासाठीं इंग्रजांची वखार येथें १६७४ सालींच होती, आणि दुसऱ्याच वर्षीं ती मराठ्यांनीं लुटलीही होती.

आउट्रम हा प्रथम छापे घालणारा अधिकारी म्हणूनच भिल्लांस माहीत होता. मग तो डोंगरांत एकटा गेला. पहारा न ठेवतां त्यांच्यांत राहिला, नाइकांबरोबर ब्रँडी प्यायला, वाघाच्या शिकारी केल्या. खानदेशांतील त्याच्या दहा वर्षांत शंभराहून अधिक वाघ त्याच्या शिकारींत पडले. इतकें करूनही आरंभीं त्याच्याबरोबर यावयास तयार झाले ते अवघे पांच जण, असें त्यानेंच लिहून ठेविलें आहे. बाकीच्यांत वदंता अशी कीं ही पलटण म्हणजे सापळा आहे. सगळे एकत्र जमले कीं त्यांचा निकाल लावतील. कोपरगांव कोणी विसरलें नव्हतें.

आउट्रमला पुढें ‘हिंदुस्थानचा बेयार्ड’ अशी पदवी मिळाली, आणि १८६३ सालीं तो वारल्यावर वेस्टमिन्स्टर ॲबींत त्याचें दफन झालें. त्याचें चरित्र लिहिणारांनीं धरणगांवचें प्रकरण एखाद्या जादूगाराच्या प्रयोगासारखें रंगविलें आहे. त्याचें धैर्य आम्हांस नाकारावयाचें नाहीं. परंतु तो फसता तर त्याच्यामागें एक साम्राज्य उभें होतें. ते पांच फसते तर त्यांच्यामागें कोणीच नव्हतें. उलट स्वतःच्या लोकांत फितूर म्हणून शिक्का बसावयाचा. त्या पहिल्या पांच पावलांना इतिहासानें आउट्रमच्या शतांशही जागा दिलेली नाहीं.

आतां कवाईतीकडे वळूं. हा शब्द मूळचा अरबी. ‘कायदा’ ह्या आपल्या नेहमींच्या शब्दाचें तें अनेकवचन. कवाईत म्हणजे कायदे, नियम. रांगेंत खांद्यास खांदा लावून उभें राहावयाचें, मान वळवावयाची नाहीं, नजर समोर. ठासणीची बंदूक भरावयाची ती आपल्या सोईनें नव्हे, तर तुकड्या तुकड्यांनीं: काडतूस दांतांनीं तोडणें, दारू ओतणें, गोळी सोडणें, गज घालून ठासणें, गज परत जागीं ठेवणें, आणि ह्यांतील प्रत्येक क्रिया आज्ञा होईल तेव्हां व सर्वांबरोबर. ह्या पद्धतीची पारख रानांत होत नाहीं, माळावरच होते. ज्याला लहानपणापासून कोणास न दिसण्याचें शिक्षण मिळालें त्याला आतां सर्वांस दिसेल असें उभें राहावयाचें होतें; ज्याचा बाण त्याच्या मनाच्या क्षणीं सुटे त्याला दुसऱ्याच्या शब्दाची वाट पाहावयाची होती. आणि तो शब्दही परका. देशी पलटणींत आज्ञा इंग्रजींत सुटत, आणि शिपाई आपल्या जिभेस मानवेल तसा त्यांचा उच्चार करून घेत. पहारेकऱ्याच्या ‘कोण आहे तिकडे’ ह्या अर्थाच्या इंग्रजी हांकेचें ‘हुकुमदार’ झालेलें सर्वांस ठाऊक आहे. अपभ्रंशानेंसुद्धां हुकमाचीच आठवण ठेवावी, हें मोठें मौजेचें.

तरी पलटण वाढली. दोन-तीन वर्षांत पांचाचे कांहीं शे झाले. ती अजून कोंवळी असतांनाच आउट्रम तिला घेऊन मालेगांवच्या छावणींत गेला. तेथें त्याची स्वतःची तेविसावी देशी पलटण होती. ह्याच पलटणीनें डोंगरांत भिल्लांवर छापे घातले होते. दोन्हीकडे एकमेकांनीं मारलेल्यांची आठवण ताजी होती. शिवाय तेविसाव्या पलटणींत उच्च जातींचे शिपाई पुष्कळ, आणि भिल्लाची सावली टाळावी अशी समजूत सर्वत्र होती. अशा ठिकाणीं हे नवशिके रांगेनें येऊन उभे राहिले. थट्टा होईल, अपमान होईल, कदाचित् हाणामारीही होईल, अशी भीति असावयास जागा होती. झालें निराळेंच. शिपायांनीं त्यांना आपल्यांत बसविलें, पानसुपारी दिली, खाऊं घातलें, गोष्टी केल्या. आउट्रमनें आपल्या पत्रांत हें फार आनंदानें नमूद केलें आहे, आणि आम्हांसही तें वाचतांना प्रत्येक वेळीं तसाच आनंद होतो.

ह्याचा अर्थ कसा लावावा? भिल्ल तोच होता. त्याची जात, त्याची भाषा, त्याचा डोंगर, कांहींच बदललें नव्हतें. बदललें होतें तें त्याचें उभें राहणें. जी कवाईत आपण घोकली तीच हा घोकतो, हें शिपायाला नजरेनें दिसलें, आणि ज्या माणसाला त्यानें आजवर झुडपाआडची हालचाल म्हणूनच पाहिलें होतें त्याचा चेहरा त्याला प्रथमच समोरून दिसला. धर्मशास्त्राचे ग्रंथ आणि संतांचे उपदेश ह्यांना जें सहज साधलें नाहीं तें छावणीच्या मैदानांत एका संध्याकाळपुरतें तरी साधलें. संध्याकाळपुरतें असें आम्हीं मुद्दाम म्हणतों. छावणीबाहेरच्या खेड्यांत भिल्लाच्या वांट्याला पाणवठा कोणता व ओसरी कोणती ह्यांत कवाईतीनें फरक पडला नाहीं.

आणि ह्या मानाची दुसरी बाजू १८५७ सालीं पुढें आली. सेंधव्याच्या घाटाच्या राखणीवर इंग्रजांनींच ठेविलेला खाज्या नाईक त्या वर्षीं उठला. त्याच्याभोंवतीं सातपुड्यांतले शेंकडों भिल्ल जमले. १८५८ च्या एप्रिलमध्यें आंबापाणीच्या डोंगरांत मोठी लढाई झाली. झाडाखडकांआडून बाणांचा व गोळ्यांचा मारा झाला, दोन्हीकडे माणसें पडलीं, आणि शेवटीं बंड मोडलें. ह्या सर्व काळांत धरणगांवची पलटण सरकारच्या बाजूनें उभी राहिली. कांहींनीं तिला राजनिष्ठेचा आदर्श म्हटलें, कांहींनीं घरभेदीपणा. आम्हांस दोन्ही शब्द उतावळे वाटतात. ज्या पिढीनें कोपरगांवची विहीर ऐकून माहीत करून घेतली होती आणि मालेगांवची पानसुपारी हातांत घेतली होती, तिच्या मनाचा कांटा कोणीकडे झुकावा हें आपण आरामखुर्चींत बसून ठरविणें शोभत नाहीं. मात्र एवढें खरें कीं तीरकामठ्याची विद्या व मैदानाची विद्या त्या वर्षीं समोरासमोर आल्या, आणि दोहींकडे भिल्लच होते. धरणगांवची पलटण पुढें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पोलीस खात्यांत विलीन झाली.

इतरांची गोष्ट उलट्या क्रमानें घडली. ज्या सरकारनें १८२५ सालीं भिल्लांच्या हातीं बंदूक दिली त्याच सरकारनें १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें उरलेल्या प्रजेच्या हातची हत्यारें परवान्याखालीं आणलीं. पुण्यास लहुजी वस्ताद साळवे ह्यांच्या तालमींत जोतीराव फुल्यांसारखे लोक दांडपट्टा शिकले होते, वासुदेव बळवंत फडके तेथेंच तयार झाले. आणि कायद्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १८७९ सालीं, फडक्यांचें बंड झालें. त्यानंतर तालमीकडे पाहण्याची सरकारची नजर काय झाली असेल हें सांगावयास नको. पट्ट्याचें पातें बोथट झालें, तरवारीची जागा वेताच्या छडीनें घेतली, भाल्याची काठी झाली. लेझमीची गंमत तर ह्याहून जुनी आहे. ती मुळांत धनुष्यच. ओढण्याचा सराव व्हावा म्हणून कमानीस दोरीऐवजीं जड सांखळी लाविलेली. त्या सांखळीचा खुळखुळाट लोकांना आवडला, आणि धनुर्धराचें तें साधन शाळेच्या स्नेहसंमेलनांत मुलींच्या हातीं आलें. शस्त्र गेलें, हात राहिले. आणि ज्यांत धार उरली नाहीं ते हात चारचौघांत करण्यास अडचणही उरली नाहीं. तालमीचें दार उघडलें तें कांहीं अंशीं ह्या कायद्यामुळें उघडलें, असें आम्हांस वाटतें. १८९४ पासून पुण्याच्या गणेशोत्सवांतील मेळ्यांबरोबर काठ्या घेतलेलीं मुलें रस्त्यावर दिसूं लागलीं तीं ह्याच दारांतून बाहेर पडलेलीं.

मग मैदानाची विद्या आज्ञेसकट लोकांनीं आपलीशी केली. ह्या कामीं बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रो. माणिकराव ह्यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. शेंकडों मुलांनीं एका वेळीं करावयाचे सांघिक व्यायाम त्यांनीं बसविले, आणि त्यांच्या आज्ञा इंग्रजी न ठेवतां हिंदी केल्या. गोष्ट दिसावयास लहान आहे. परंतु ‘हुकुमदार’ म्हणणाऱ्या शिपायाची आठवण ठेवून पाहिलें तर तिचें महत्त्व कळतें. रांग तीच, पावलांचा ठेका तोच. बोलावणारा आवाज मात्र आपला. माणिकरावांचे एक शिष्य जगन्नाथ गणेश गुणे हे १९१६ पासून कांहीं वर्षें धरणगांवापासून फार दूर नसलेल्या अमळनेरास राष्ट्रीय महाविद्यालयांत होते. पुढें स्वामी कुवलयानंद ह्या नांवानें त्यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें, आणि योगासनांकडे लोकांचें लक्ष इतकें लागलें कीं त्यांचा मूळ पिंड तालमीच्या मातीचा होता हें लोक विसरले. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची कीर्ति तर सर्वश्रुत आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं तेथील पथकानें कबड्डी, मल्लखांब वगैरे देशी व्यायाम जर्मन प्रेक्षकांपुढें करून दाखविले. ज्या मैदानांत दुसऱ्यांच्या कवाईतीचा अतिरेक चालला होता त्या देशांत आपले गडी आपले हात दाखवून परत आले, हाही एक योगच.

ह्या सर्व हालचालींत भिल्लांचे स्वतःचे हात कोठें आहेत, हें आम्हीं शोधूं लागलों कीं निराशा होते. व्यायामाच्या पुस्तकांतून पट्ट्याचे, बनेटीचे, लाठीचे प्रकार क्रमवार व आकृतींसह सांपडतात. तीरकामठा घेऊन डोंगर उतरणाऱ्या माणसाच्या पावलांचा क्रम कोणीं बसविला नाहीं, आणि बसविला असता तर तो तोच राहता कीं नाहीं ह्याची आम्हांस शंका आहे. जी विद्या न दिसण्यांत आहे ती रांगेंत शिकवितां येत नाहीं.

तथापि वर्षांतून एकदां ती उघड्यावर येते. नंदुरबार जिल्ह्यांत, अक्कलकुव्याच्या पलीकडे सातपुड्यांत, काठी ह्या गांवीं जुन्या संस्थानची राजवाडी होळी होते. आजूबाजूच्या पाड्यांवरून लोक चालत येतात. कोणाच्या खांद्यास तीरकामठा असतो, कोणाच्या हातांत कुऱ्हाड किंवा तरवार, डोक्यास मोरपिसें, कमरेस घुंगुर. मोठमोठ्या ढोलांवर रात्रभर फेर धरून नाच चालतो. रांग तेथें नसते, आणि हुकूमही नसतो. होळी पेटते ती पहाटे, आणि उजाडल्यावर ही मंडळी आलेल्याच वाटांनीं पुन्हा डोंगरांत निघून जाते.